फेब्रुवारीत निळं, एप्रिलमध्ये लाल : ब्रॅम्प्टनकरांचं नक्की चाललंय काय?

कोयनाकाठ (धागाकर्ता)

आमच्या समोरच्या पाजींच्या अंगणात फेब्रुवारीत डग फोर्डच्या पक्षाची निळी पाटी होती. जमीन दगडासारखी गोठलेली, पाटीची तार काही आत जाईना, म्हणून त्यांनी ती फावड्याने सारलेल्या बर्फाच्या ढिगात खोचली. बर्फ वितळायला लागला तशी ती रोज थोडी कलत गेली आणि मार्चमध्ये आडवी झाली. एप्रिलमध्ये त्याच जागी लाल पाटी उभी. लिबरलांची. आता जमीन मऊ होती, तार लोण्यासारखी आत गेली. मी विचारलं, "पाजी, दोन महिन्यांत पक्ष बदललात?" तर म्हणाले, "बदलला कुठे? ती क्वीन्स पार्कची होती, ही ओटावाची." सोमवारी उपास धरणारा माणूस बुधवारी मटण कसा काय खातो, असं काहीतरी मी विचारलं असावं, अशा नजरेने बघत होते.

जे इथे राहत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रॅम्प्टन हे कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातलं, टोरोंटोशेजारचं शहर. क्वीन्स पार्क म्हणजे प्रांताची विधानसभा, ओटावा म्हणजे केंद्र, आणि डग फोर्ड प्रांताचे मुख्यमंत्री. २७ फेब्रुवारी २०२५ ला ओंटारियो प्रांताची निवडणूक झाली. फोर्डच्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला १२४ पैकी ८० जागा, सलग तिसऱ्यांदा बहुमत. ब्रॅम्प्टनच्या पाचही जागा निळ्या. पुढे २८ एप्रिलला केंद्राची निवडणूक. मार्क कार्नींच्या लिबरलांना ३४३ पैकी १६९, म्हणजे बहुमताला तीन कमी, पण सरकार त्यांचंच. ब्रॅम्प्टनच्या सहा जागांपैकी पाच लाल. एकटी ब्रॅम्प्टन वेस्ट निळी झाली, आणि तिथे पडल्या कोण, तर निवडणुकीच्या दिवशीही केंद्रात मंत्री असलेल्या कमल खेरा.

आता महाराष्ट्रातला माणूस म्हणून मला ह्याची गंमत वाटते. आपल्याकडे दर सभेत ऐकतो, 'डबल इंजिन' पाहिजे, वर आणि खाली एकच पक्ष असला की निधी येतो, कामं होतात. इथले लोक मुद्दाम उलटं करतात. थोरले ट्रुडो ओटावात पंतप्रधान होते, लाल, तेव्हा इथे मुख्यमंत्री बिल डेव्हिस, निळे. क्रेत्येन आले, लाल, तर दोन वर्षांत इथे माइक हॅरिस, निळे. हार्पर आले, निळे, तर इथे मॅकगिंटी आणि मग विन, दोघंही लाल. धाकट्या ट्रुडोंच्या काळात जवळजवळ तीन वर्षं दोन्हीकडे लाल होतं, तर २०१८ ला लोकांनी लिबरलांना प्रांतात सात जागांवर आणून बसवलं.

माझं म्हणणं असं की हा मतदार शहाणा आहे. एकाच्या हातात दोन्ही किल्ल्या द्यायच्या नाहीत, हे त्याला कुणी न शिकवता कळतं. तुम्हाला काय वाटतं?

वऱ्हाडी_ठेचा

एक बैल इकडे वढते, दुसरा तिकडे, अन् तुम्ही म्हनता शेत नांगरून ऱ्हायलं. नांगर मधात उभा हाय ना बावा.

माजघर

कोयनाकाठ, लिहिलंय छान, पण गणित कच्चं आहे. मी शेजारच्या मिसिसागात लोकांचे टॅक्स भरून देते, त्यामुळे आकडे दिसले की राहवत नाही.

पहिली गोष्ट, हे मतदार तेच नाहीत. प्रांताला मतदान झालं ४५ टक्क्यांच्या आसपास. केंद्राला जवळजवळ ६९. म्हणजे एप्रिलमध्ये रांगेत उभा असलेला साधारण दर तिसरा माणूस फेब्रुवारीत घरात हीटरपाशी बसला होता. तुमचे पाजी दोन्हीकडे गेले असतील. त्यांचा मुलगा गेला का, ते विचारा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फोर्डना मतं मिळाली ४३ टक्के, जागा ८०. केंद्रात पोलिएव्हच्या कॉन्झर्व्हेटिव्हांना ओंटारियोत मतं किती? जवळपास ४४ टक्के. फोर्डपेक्षा कणभर जास्तच, आणि ते हरले! मग निळ्याचा लाल कुठे झाला? निळा जिथे होता तिथेच आहे. बाकीच्यांची फाटाफूट होती ती मिटली, एवढंच. फेब्रुवारीत लिबरल ३० टक्के, एनडीपी (डावा पक्ष, रंग नारिंगी) साडेअठरा, ग्रीन पाचाच्या आत. एप्रिलमध्ये कॅनडाला अमेरिकेचं '५१वं राज्य' करायच्या ट्रम्पच्या बडबडीने लोक असे घाबरले की नारिंगी मतं उठून लाल डब्यात जाऊन बसली. एनडीपी देशभरात ६.३ टक्क्यांवर, जागा ७, आणि त्यांचे नेते जगमीत सिंग स्वतः पडले.

आणि हे बघा : प्रांतात ३० टक्के मतं घेणाऱ्या लिबरलांना १४ जागा, साडेअठरा टक्केवाल्या एनडीपीला २७. आमच्याच शहराच्या माजी महापौर बॉनी क्रॉम्बी पक्षाच्या नेत्या असून आमच्याच शहरात पडल्या. ह्याला मतदाराचं शहाणपण म्हणायचं की जो पहिला तो जिंकला ह्या पद्धतीची करामत?

कोयनाकाठ

माजघर ताई, ४४ टक्क्यांचा आकडा माझ्या डोक्यात नव्हता. मान्य. निम्मा धागा तुम्ही पहिल्याच फेरीत उडवलात.

पण ब्रॅम्प्टनपुरतं मी माघार घेत नाही. २०१८ ला प्रांतात इथे तीन जागा एनडीपीच्या होत्या. २०२२ ला पाचही निळ्या. हायवे ४१३ आणि मेडिकल कॉलेज ह्या दोन गोष्टींवर फोर्डनी इथे मतं मागितली आणि घेतली. केंद्रात मात्र २०१५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा सगळ्या लाल. इथल्या माणसाला प्रांत म्हणजे रस्ता, हॉस्पिटल, शाळा, आणि केंद्र म्हणजे आईवडिलांचा व्हिसा, हे पक्कं ठाऊक आहे. ते तो वेगवेगळं मोजतो.

जुनं_खोड

आम्ही १९७४ साली आलो. तेव्हा मराठी माणूस दिसला की लोक गाडी थांबवून नाव विचारत. असो.

तुम्ही सगळे एक गोष्ट गृहीत धरताय, ती मुळातच तशी नाही. ओंटारियोचे लिबरल आणि ओटावाचे लिबरल हा एक पक्ष नव्हे. १९७६ ला त्यांनी रीतसर वेगळी चूल मांडली. फोर्डचा पक्ष तर नावानेही वेगळा आहे, त्यात अजून 'प्रोग्रेसिव्ह' शिल्लक आहे, केंद्रातल्यांनी ते २००३ ला टाकलं. ह्या निवडणुकीत फोर्डचाच प्रचारप्रमुख पोलिएव्हच्या प्रचाराचे वाभाडे चारचौघांत काढत होता. आणि निकालाच्या रात्री पोलिएव्हच्या एका खासदाराने टीव्हीवर फोर्डना धारेवर धरलं. भाऊबंदकी म्हणावी तर भाऊसुद्धा नव्हेत, फार तर एका आडनावाचे.

ब्रिटिश कोलंबियात तर 'लिबरल' नावाच्या पक्षात केंद्रातले कॉन्झर्व्हेटिव्ह सुखाने नांदत होते. शेवटी २०२३ ला त्यांनी नावच बदललं आणि दीड वर्षात दुकान बंद केलं. सस्कॅचवानमध्ये सत्ताधारी पक्षाचं केंद्रात नावनिशाणही नाही. क्वेबेकची तऱ्हा आणखी निराळी. सभासदत्वाची एकच पावती वर आणि खाली चालते ती एनडीपीची, तीही क्वेबेक सोडून, आणि अल्बर्टाने मे २०२५ ला तिची सक्ती उठवली.

माणसांचं बघा. बॉब रे इथे एनडीपीचे मुख्यमंत्री, १९९० ते ९५. पुढे ओटावात लिबरलांचे हंगामी नेते. जाँ शारे केंद्रात प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांचे नेते, मग क्वेबेकचे लिबरल मुख्यमंत्री, आणि २०२२ ला पुन्हा केंद्रात कॉन्झर्व्हेटिव्ह नेतेपदाचे उमेदवार. फोर्डनी प्रत्येकाला फॅमिली डॉक्टर मिळवून देण्याच्या कामावर नेमलं कुणाला? ट्रुडोंच्या मंत्रिमंडळातल्या आरोग्यमंत्री जेन फिलपॉट यांना. ह्यात इथे कुणाला काही वावगं वाटत नाही.

पेठेतला

खोडकाका, आमच्याकडे उलटं. एका नावाचे दोन पक्ष, आणि भांडण नाव कुणाचं ह्यावर. तुमच्याकडे दोन पक्षांचं एक नाव, आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. घड्याळ आणि धनुष्यबाणासाठी निवडणूक आयोग आणि सुप्रीम कोर्टापर्यंत धावाधाव झालेल्या राज्यातून हे वाचताना जरा हेवा वाटला.

पण ते 'इथला मतदार वेगवेगळं मोजतो' हे काही कॅनडाचं पेटंट नाही. मे २०२४ ला लोकसभेत महाराष्ट्राने ४८ पैकी ३० जागा आघाडीला दिल्या, महायुतीला १७. सहाच महिन्यांनी विधानसभेत महायुती २८८ पैकी २३० च्या घरात. मधे काय झालं? ऑगस्टपासून लाडक्या बहिणींच्या खात्यात महिना १५०० रुपये. फोर्डनी निवडणुकीच्या तोंडावर माणशी २०० डॉलरचे चेक वाटले म्हणे. तुमचा तो लाडका करदाता.

एक फरक मात्र विसरू नका. आमच्याकडे डबल इंजिनाची भाषा चालते कारण गाडीचं डिझेल दिल्लीत आहे. जीएसटी आला आणि राज्याला दर स्वतः ठरवता येईल असं मुख्यतः दारू, पेट्रोल आणि मुद्रांक शुल्क उरलं. ३५६ कलम आहे ते वेगळंच. तुमच्याकडे प्रांत स्वतः प्राप्तिकर लावतो, जमिनीखालचं खनिज त्याचं, शाळा-दवाखाने त्याचे. प्रांताने केलेला कायदा रद्द करायची ताकद ओटावाला कागदावर आहे, पण १९४३ नंतर ती कुणी वापरलेली नाही. एवढं स्वतःचं असल्यावर दिल्लीशी भांडायला कोण घाबरेल?

कॅल्गरीचा_गारठा

तुम्ही लाल-निळं खेळत बसा. आमच्या अल्बर्टाला १९६४-६५ नंतर इक्वलायझेशनचा (केंद्र कमी उत्पन्नाच्या प्रांतांना देतं तो निधी) एक डॉलर मिळालेला नाही, आणि एकट्या क्वेबेकच्या वाट्याला २०२५-२६ साठी १३.६ अब्ज. मुंबईच्या करावर बिहार चालतो म्हणतात, ते इथे येऊन बघा.

माजघर

गारठा, एकच सुधारणा. अल्बर्टाचं सरकार क्वेबेकला चेक पाठवत नाही. पैसा केंद्राच्या करातून जातो, म्हणजे मिसिसागातली मीही तो भरते. तुमच्याकडे पगार जास्त म्हणून कर जास्त. आणि आमच्या ओंटारियोच्या वाट्यालाही त्यातले थोडे आहेत, २०२५-२६ साठी ५४.६ कोटी. लाज वाटावी इतके कमी आणि नाकारावेत इतके जास्त.

गोदावरी_ते_गोट्रेन

बरेच दिवस नुसता वाचत होतो. आज लिहितो, कारण ह्या दोन्ही निवडणुकांत ज्यांच्याविषयी सगळे बोलले त्यांच्यातला मी एक आहे. मला मत नाही.

२०२३ ला नांदेडहून आलो. वडिलांनी शेत गहाण ठेवून कर्ज काढलं. कॉलेजचं नाव सांगत नाही. पहिल्या दिवशी पत्ता शोधत गेलो तर एका प्लाझात दुसऱ्या मजल्यावर वर्ग. खाली टायरचं दुकान. लेक्चर चालू असताना खालून नट काढायच्या गनचा आवाज यायचा, सर थांबायचे, आम्ही थांबायचो. सहा जण एका बेसमेंटमध्ये. फ्रीजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा, दुधाच्या पिशवीवर मार्करने नाव.

आता ह्यात कुणाची चूक, ते मी दोन वर्षं समजून घेतोय. जेवढं कळलं ते असं. परदेशी मुलं घ्यायला कॉलेजला मान्यता प्रांत देतो. शिकायला येण्याच्या परमिटवर शिक्का ओटावा मारतो. २०१९ ला फोर्ड सरकारने इथल्या मुलांची फी दहा टक्के कमी केली आणि तिथेच गोठवली. ऐकायला छान. पण कॉलेजचा खर्च गोठला नाही, प्रांताचं अनुदानही त्या मानाने वाढलं नाही. मग कॉलेजांनी आमच्याकडे मोर्चा वळवला, कारण आमच्या फीला मर्यादा नाही. २०२१ च्या अहवालात प्रांताच्याच महालेखापालांनी लिहून ठेवलंय की सरकारी कॉलेजांत परदेशी मुलं ३० टक्के आणि फीच्या उत्पन्नात त्यांचा वाटा ६८ टक्के. सगळ्यांना माहीत होतं. ओटावा परमिट देत राहिलं, वर नोव्हेंबर २०२२ ला आठवड्याला २० तास कामाची अटही उठवली, कारण दुकानांना माणसं हवी होती. मग घरभाडी भडकली, लोक चिडले. जानेवारी २०२४ ला तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री मार्क मिलर यांनी परमिटवर मर्यादा घातली, त्या वर्षासाठी सुमारे ३,६०,००० परमिट, आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. ओंटारियोचा वाटा जवळपास निम्म्यावर. बँकेत दाखवायची रक्कम १०,००० वरून २०,६३५ डॉलर.

प्रांत म्हणतो, केंद्राने न विचारता नळ बंद केला. केंद्र म्हणतं, नळाला पाइप तुम्हीच जोडला होता. माझा कोर्स पुढच्या बॅचपासून बंद झालाय. मी त्या कोर्सचा शेवटचा पदवीधर असेन. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं तर काय सांगू, कॉलेज आहे पण कोर्स नाही?

कोयनाकाठ दादा, तुमच्या लाल-निळ्या समतोलात मी नेमका मधल्या फटीत आहे.

टोरोंटोतला_टग्या

फटीत कशाला येता मग? लोंढे आले म्हणून तर भाडी वाढली. आम्ही पीआर (कायम राहण्याचा परवाना) घेऊन, नियमाने आलो.

जुनं_खोड

टग्या, आम्ही आलो तेव्हा आम्हालाही कुणीतरी लोंढाच म्हणत होतं. तुझ्या घराच्या बेसमेंटमध्ये कोण राहतं, आणि हप्ता कोण फेडतं, ते आधी लिही. मग बोलू.

टोरोंटोतला_टग्या

(प्रतिसाद संपादित) काका, तुमचा मान ठेवून गप्प बसतो.

दुपारची_झोप

मुलाला झोपवून लिहितेय, त्यामुळे तुटक असेल.

गोदावरी, वाचून पोटात कालवलं. पण कोयनाकाठ यांच्या बाजूने एक उदाहरण देते, जिथे दोन रंग असूनही काम झालं. डे केअर. २०२१ च्या बजेटमध्ये केंद्राने दिवसाला दहा डॉलरची योजना आणली, पाच वर्षांत ३० अब्ज. बाकी सगळ्या प्रांतांनी सह्या केल्या, फोर्ड शेवटपर्यंत अडून बसले. मार्च २०२२ ला सही झाली. कारण उघड होतं, जूनमध्ये त्यांची निवडणूक होती आणि आमच्यासारख्या आया चिडल्या होत्या. मोठ्याच्या वेळी महिन्याला हजाराच्या वर भरत होते. आता जानेवारी २०२५ पासून दिवसाला २२ च्या वर घेता येत नाही. लाल सरकारचा पैसा, निळ्या सरकारची अंमलबजावणी, आणि दोघंही पत्रकावर आपापला फोटो छापतात. छापू देत.

फक्त जागा नाही. धाकटा पोटात असताना नाव घातलं होतं, तो आता चालतो, यादीत आम्ही ६३वे. फी ठरवली दोघांनी मिळून. शिक्षिकांना पुरेसा पगार कुणी द्यायचा, ह्यावर मात्र दोघं एकमेकांकडे बघतात. उठला, जाते.

माजघर

झोप ताईंचं उदाहरण दोन्ही बाजूंनी लागू पडतं. सही का झाली? दोघांचे रंग वेगळे म्हणून नाही, निवडणूक जवळ आली म्हणून. आणि अडलं कुठे, तर जिथे श्रेय नाही तिथे.

पेट्रोल पंपांवरचे स्टिकर आठवतात का? केंद्राच्या कार्बन करामुळे पेट्रोल कसं महागलं हे दाखवणारं स्टिकर प्रत्येक पंपावर लावायची सक्ती फोर्डनी २०१९ ला केली. गोंद असा की थोड्याच दिवसांत कोपरे सुटून स्टिकर गळायला लागले. २०२० ला कोर्टाने तो कायदाच रद्द केला. कर योग्य का, ह्यावर प्रांत सुप्रीम कोर्टात गेला आणि २०२१ ला ६ विरुद्ध ३ ने हरला. दोन्ही बाजूंच्या वकिलांची बिलं आपणच भरली, एक ह्या खिशातून, एक त्या. आणि शेवटी तो कर सामान्य ग्राहकांसाठी शून्यावर कुणी आणला? १ एप्रिल २०२५ पासून, लिबरल पंतप्रधान कार्नींनी. दर तिमाहीला खात्यात येणारा परतावाही त्याबरोबर गेला. माझ्या निम्म्या क्लायंटना तो येत होता हे तो थांबल्यावर कळलं.

कोयनाकाठ

ताई, एव्हाना मला माझ्याच धाग्यावर मत बदलावंसं वाटायला लागलंय. सगळं नाही. एकाच्या हातात दोन्ही किल्ल्या नकोत, हे अजूनही म्हणेन. पण किल्ल्या दोघांकडे असल्या की दार कुणी उघडं टाकलं हे कुणालाच सांगावं लागत नाही, हे मी धरलं नव्हतं.

गोदावरी, तू तुझ्या खासदार-आमदारांकडे गेलास का? मत नसलं तरी त्या भागात राहणाऱ्याचं काम करतात ते.

गोदावरी_ते_गोट्रेन

गेलो होतो दादा, मागच्या आठवड्यात. कुठला रायडिंग (मतदारसंघ) ते लिहीत नाही. दोघांची ऑफिसं एकाच प्लाझात आहेत. आधी खासदारांकडे. बाई चांगल्या होत्या, पाणी दिलं, सगळं लिहून घेतलं, म्हणाल्या कोर्स बंद होणं हा प्रांताचा विषय, शेजारी आमदारांचं ऑफिस आहे. तिकडे गेलो. तिथला मुलगा माझ्याच वयाचा. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, परमिट कमी झाली म्हणून कोर्स बंद झाला, तो केंद्राचा विषय, शेजारी खासदारांचं ऑफिस आहे. त्याने दार उघडून बोटाने दाखवलंसुद्धा.

दोन ऑफिसांच्या मधे एक मिठाईचं दुकान आहे. पाव किलो जिलबी घेतली आणि बाहेरच्या बाकावर बसून खाल्ली. गरम होती.

वऱ्हाडी_ठेचा

पुढच्या बारीले किलोभर घे. बिल कोनाले पाठवाचं ते ते दोघं ठरवतीन.